भाऊजींचे कान

दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा माळ्यावरून सगळ्यात शेवटी तो अँप्लिफायर खाली काढला. सौंसरच्या बसस्टँडमागचं हे दुकान मी चाळीस वर्षं चालवलं. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, आणि शेवटी शेवटी तर मोबाइलची कव्हरं. अँप्लिफायरच्या लाकडी पेटीची चव वाळवीनं एका कोपऱ्यात घेतलेली होती आणि नावडल्यासारखी सोडून दिलेली होती. मागचं जाळीचं झाकण काढलं तर पाचही वॉल्व्ह जागच्या जागी उभे. इतक्या वर्षांनी यंत्र थेट विजेवर लावायचं नसतं, म्हणून मध्ये सिरीजचा बल्ब घेऊन हळूहळू वीज दिली. काचेच्या आतल्या तारा केशरी झाल्या, आणि मग तो वास आला. तापलेली धूळ, वितळू लागलेलं मेण आणि जुनं लाकूड, असा तिन्हींचा मिळून एक वास. तो नाकात शिरला आणि मी स्टुलावर बसून घेतलं.

गिटार लावायच्या भोकात तारेचं टोक टेकवलं. घर्रकन आवाज आला, रिकामं दुकान भरून गेलं. अर्धा तास चालू ठेवला, मग तासभर. आवाज जसाच्या तसा. यंत्र उत्तम चालत होतं, आणि मला तेच सहन होईना.

हा अँप्लिफायर शामराव भाऊजींचा. माझी मोठी बहीण कमलताई, तिचे ते मालक. पांढुर्ण्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. नागपूरच्या कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा हा अँप्लिफायर त्यांनी जुन्या बाजारातून आणला तेव्हा बसमध्ये स्वतः उभे राहिले आणि आपल्या सीटवर त्याला बसवलं. कंडक्टरनं कुरकुर केली तर म्हणाले, "त्याचं तिकीट काढतो ना बाप्पा, पण त्याले उठवू नको." वॉल्व्हच्या काचा फुटतील ही धास्ती. सौंसरला उतरले ते सरळ माझ्या दुकानात. "इंजिनेर," म्हणाले, "हे लेकरू आता तुह्या हवाली." मी तेव्हा नुकतंच नागपूरला रेडिओचं काम शिकून दुकान टाकलं होतं. इंजिनेर म्हटलं की लाजायचो, आणि नाही म्हटलं तर राग यायचा.

भाऊजी हवाईन गिटार वाजवायचे. मांडी घालून बसायचं, गिटार आडवी मांडीवर घ्यायची, आणि डाव्या हातातली स्टीलची सळई तारांवरून सरकवायची. ती सरकली की सूर तुटत नसे, एका जागेवरून निघून दुसऱ्या जागी पोचेपर्यंत वाटेतलं सगळं दाखवत जाई. पांढुर्ण्याला ताईच्या वस्तीतल्या गायन पार्टीत एक हार्मोनियम, एक ढोलकी, चार गाणारे आणि ही गिटार. जयंती, बुद्धपौर्णिमा, कुणाचं बारसं, कुणाचं लग्न. सौंसर, पांढुर्णा, बोरगाव, आणि मधली गावं. त्या गावांमध्ये हवाईन गिटार दुसरी नव्हती. बायका पदराआडून बोट दाखवायच्या, "पाह्य वं, निजवून वाजवते."

जयंतीची तालीम सुरू व्हायची तेव्हा संत्र्याला बहर असायचा. विहाराच्या मागेच एक बगीचा होता. दुपार कलली की त्या पांढऱ्या फुलांचा वास भिंत ओलांडून यायचा आणि हार्मोनियमच्या भात्यातूनच निघतोय असं वाटायचं. भाऊजी कामावरून थेट यायचे. भुवयांवर कापूस, कानांच्या पाळ्यांवर कापूस, अंगाला सरकीचा तेलकट वास. ताई ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसायची, लेकराचं पुसावं तसं, आणि सगळ्यांदेखत. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

आणि त्यांचे कान! जिनिंगच्या फाटकाबाहेर टपरीवर चहा पिताना आत वीसेक यंत्रं धडधडत असायची. मला तो एकच गोंगाट. भाऊजी कप खाली ठेवून म्हणायचे, "सात नंबरचा पट्टा सैल होऊन राहिला," आणि आत निघून जायचे. मी एकदा मागोमाग जाऊन पाहिलं. सात नंबरचाच होता. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे त्या अभिमानाचं मी काय केलं ते सांगायचं आहे.

आमच्या पार्टीची एक रीत होती. खेड्यापाड्यांत स्टेज म्हणजे दोन तख्तं जोडलेली. वर टेबल मिळेलच असं नाही. तसबिरी मांडायला उंच आणि सपाट जागा हवी, तर तशी वस्तू एकच, अँप्लिफायरची पेटी. पण उघड्या लाकडावर तसबीर कशी ठेवणार? म्हणून ताईनं एक निळं कापड शिवलं होतं, चारही बाजूंनी तख्तापर्यंत पोचणारं. ती ते घरी धुवायची, निखाऱ्याच्या इस्त्रीनं कडक करायची, आणि कार्यक्रमाच्या गावी पेटीवर अंथरायचं काम माझ्याकडे. मी अँप्लिफायरचा माणूस, म्हणून तो मान माझा. पुढून स्पीकरच्या जाळीपुरतं कापड वर टाचायचं, बाकी तीन बाजू झाकून घ्यायच्या. मग वर तसबिरी, हार, दोन मेणबत्त्या. सगळे उभे राहून वंदना म्हणायचे. मी कापडाच्या चुण्या पुन्हा एकदा सारख्या करायचो.

त्या काळात घरोघरी रेडिओवर क्रोशाचं आवरण असायचं. दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी दटावायचो, "रेडिओले काय थंडी वाजते का? हवा लागते त्याले." आणि संध्याकाळी स्वतःच्या हातांनी पाच वॉल्व्हच्या पेटीवर कडक इस्त्रीचं कापड पांघरायचो. एकदाही मनात आलं नाही. ती पेटी झाकताना मला ती पेटी दिसतच नव्हती, वरच्या तसबिरी तेवढ्या दिसायच्या.

एका उन्हाळ्यात भाऊजी पहिल्यांदा म्हणाले, "इंजिनेर, आवाज खाली बसून राहिला."

पहिली दोन गाणी नीट व्हायची. तिसऱ्या-चौथ्याला गिटार मागे सरकायची. खरखर नाही, घोंगावणं नाही, आवाज फाटतही नव्हता. दाराबाहेर गेलेल्या माणसाचं बोलणं ऐकू यावं तेवढीच यायची. ढोलकी दणक्यात, चार गाणारे कोरसमध्ये, समोर लोक टाळ्यांवर. गिटार निम्म्यावर आलेली कुणाच्या लक्षात येणार? येत होती एकट्या भाऊजींच्या. ते तार जोरानं छेडायचे, माझ्याकडे पाहायचे, भुवया उडवायचे. मी व्हॉल्यूमचं बटण थोडं पुढे सरकवायचो. त्यांच्या बोटांना घट्टे पडले.

अँप्लिफायर दुकानात आणला. आवाजाची तक्रार आली की आधी काय बघायचं हे मला पाठ होतं. व्हॉल्यूमचा कंट्रोल स्पिरिटनं धुतला. वॉल्व्ह काढून त्यांचे पाय घासले, खाचा साफ केल्या. गिटारची वायर बदलली. मग नागपूरला जाऊन नवे वॉल्व्ह आणले, एकेक बदलून पाहिला. पेटीतून सगळा सांगाडा बाहेर काढून टेबलावर आडवा ठेवलेला, आणि सौंसरच्या उकाड्यात माझ्यासाठी टेबलफॅन त्याच्याच अंगावरून वारा घालत होता. दोन-दोन तास चालवला. आवाज खणखणीत. एकदा नाही, तीन वेळा नेला, तीन वेळा आणला. दर वेळी मी छाती काढून म्हणायचो, "आता पाहा." आणि दर वेळी चौथ्या गाण्याला भाऊजी भुवया उडवायचे.

तिसऱ्या खेपेनंतरची गोष्ट. ताईच्या अंगणात बोरगावच्या कार्यक्रमाची तालीम संपली होती. सगळे संत्री सोलत बसलेले, सालींचा तो डोळ्यांत जाणारा वास. ढोलकीवाला वामन मला चिडवत होता, "काय इंजिनेर, तीन तीन ऑपरेशनं करून पेशंट तसाच?" लोक हसले. भाऊजी हसले नाहीत. ते आपले सरळपणानं म्हणाले, "अजून एक खेप पाहून घेजो बाबू. कुठंतरी हाये काहीतरी."

मी म्हणालो, "मशीनमंदी काही नाही भाऊजी. इतके वर्षं झाले तुमाले जिनिंगमंदी. कान गेले तुमचे."

मला वाटलं होतं कुणीतरी मला झापेल. ताई तरी. पण ऐकणाऱ्यांना ते पटलं. जिनिंगमधल्या माणसाला कमी ऐकू येतं हे तिथे सगळ्यांनाच माहीत, प्रत्येकाच्या घरात असा एक काका होता. वामन गंभीर झाला आणि म्हणाला, "असं असू शकते भाऊ." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पट्टा कुठे सैल झालाय ते ऐकताना जसे पाहायचे तसे. मग म्हणाले, "असं म्हणतं? असन मंग." सळई तिच्या पिशवीत घातली आणि पिशवीची नाडी ओढली.

बोरगावला ते वाजवायला बसले, पण आता भुवया उडवत नव्हते. आवाज खाली बसला की मान घालून तसेच वाजवत राहायचे. स्वतःच्या हातांवर विश्वास नसल्यासारखी सळई सरकवायची, चाचपत. पुढच्या जयंतीला म्हणाले, मले नका धरू. जिनिंगमध्ये स्वतःहून मॅनेजरला सांगितलं, "माह्या कानाचा भरवसा नाही राहिला, मशीनवरून मले काढा." त्यांना बाहेर अंगणात कापसाच्या गाठींना पट्ट्या बांधायच्या कामावर लावलं. नागपूरला कानाचा डॉक्टर आहे, दाखवून घ्या, असं पुष्कळ जण म्हणाले. ते म्हणायचे, घरचाच इंजिनेर सांगून राहिला, अजून कोणाले दाखवू?

गिटार बंद झाली म्हणून अँप्लिफायर माझ्याकडेच राहिला. मी त्याला रेकॉर्ड प्लेअर जोडला आणि दुकानात दिवसभर गाणी लावायला लागलो. लोक थांबून ऐकायचे, मला बरं वाटायचं.

एका शनिवारी ताई पांढुर्ण्याहून आली. जामसांवलीच्या देवळात जाणाऱ्या भाविकांनी बस गच्च भरलेली, तिच्या लुगड्यावर कुणाचातरी शेंदूर लागलेला. पिशवीतून तिनं ते निळं कापड काढलं, धुऊन, इस्त्री करून. "पार्टीचं हाये, तुह्याजवळ असू दे," म्हणाली. रस्त्यावरून ट्रक जात होते, अँप्लिफायरवर धुळीचा थर. तिनं पदरानं धूळ झटकली आणि हातात कापड होतंच, तर घातलं पेटीवर. चारी बाजूंनी, खालपर्यंत, चुण्या सारख्या करत. सवयच ती.

मी चहा मागवला. ती भाऊजींचं सांगत बसली. "कायीच बोलत नाहीत रे. मी कायी म्हटलं का घास हातातच थांबवतेत, अन् पुन्हा इचारतेत, काय म्हटलं? आयकू येते रे त्याइले, मले वाटते आयकू येते. पण इचारतेत." एक रेकॉर्ड संपली, मी दुसरी लावली. ती संपली, तिसरी लावली. आणि ताईच्या बोलण्यामागे गाणं हळूहळू खाली बसायला लागलं.

मला एका क्षणात सगळं कळलं. कापड. उष्णता. आत कुठेतरी एक कच्चा सांधा, थंड असताना जोडलेला, तापला की सुटणारा. उघड्या टेबलावर, पंख्याच्या वाऱ्यात तो सात जन्मांत सापडला नसता. मला आनंद व्हायला हवा होता. यंत्राचा दोष सापडला की मला भूक लागते, अजूनही लागते. त्या दिवशी समोरचा चहा तसाच निवला.

ताई बोलता बोलता थांबली. "आवाज कमी झाला का रे?"

माझा हात बटणावर गेला. मी आवाज वाढवला, तिला दिसणार नाही असा पाठमोरा होऊन, आणि म्हणालो, "नाही वं ताई. तेवढाच हाये."

"नाही?" ती जरा वेळ ऐकत राहिली. मग स्वतःच्या कानाला हात लावून हसली. "मंग मलेच वाटलं."

एकाचे कान घालवून माझं भागलं नव्हतं.

ती गेल्यावर शटर अर्धं ओढून पेटी उघडली. लाकडी काडीनं एकेक सांधा हलवून पाहिला. पहिल्या वॉल्व्हजवळच्या एका कपॅसिटरचा पाय हलत होता. ती सोल्डर माझ्याच हातची, भाऊजींच्या पहिल्या तक्रारीच्या थोडी आधीची, वरून चकचकीत आणि आतून न धरलेली. सोल्डरिंग आयर्न गरम केली, खाली टेकवली, काडीच्या गुलाइतकं सोल्डर लागलं. दोन मिनिटांचं काम. कापड घालून तीन तास चालवला, आवाज ढळला नाही. मग अँप्लिफायर उचलून माळ्यावर टाकला आणि दुकानात गाणी लावणं बंद केलं.

सांगायचं होतं. खरंच होतं. त्याच आठवड्यात बसमध्ये बसलो. पांढुर्ण्याला पोचलो तर भाऊजींनी माझ्यासाठी संत्र्यांची पिशवी भरून ठेवलेली. परतताना स्टँडवर सोडायला आले, माझी पिशवी स्वतः उचलून. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. मी आतून हात हलवला. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. मग वाटलं, आता गिटार सुटून वर्ष झालं, आता सांगून काय. मग दहा वर्षं झाली. सांगितलं असतं तर लोक काय म्हणाले असते? एक सोल्डर कच्ची निघाली म्हणाले असते, दोन दिवस हसले असते, आणि गिटार पुन्हा सुरू झाली असती. इतकंच. एवढ्यासाठी मी एका माणसाला आयुष्यभर गप्प बसवलं. मला भित्रा म्हणा, मी म्हणतोच.

वर्षं गेली. संत्र्याला आंबिया बहर आला, मृग बहर आला. बगीच्यातली जुनी झाडं तोडून नवी लागली. गायन पार्टी मोडली. वामन गेला. जिनिंगमधून भाऊजी रिटायर झाले. गिटार त्यांनी कुणाला दिली, मी कधी विचारलं नाही.

अँप्लिफायर खाली काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याची बस धरली. भाऊजी अंगणात खाटेवर बसले होते, पायजमा, बनियन, भुवया आता कापसाशिवायच पांढऱ्या. सुनेनं आतूनच ओरडून सांगितलं, "बाबाऽऽ, मामा आले, मामाऽऽ!" गल्लीत दोन दारं उघडली. त्या घरात भाऊजींशी सगळेच असं बोलतात. नातू, सून, शेजारी, आणि ताईसुद्धा. एकदा एखाद्या माणसाशी मोठ्यानं बोलायची सवय लागली की घर ती सोडत नाही, आणि तो माणूसही हळूहळू मोठ्यानं बोललं तरच उत्तर देऊ लागतो.

मी खाटेच्या कडेला बसलो. ओरडलो नाही. नेहमीच्या आवाजात सगळं सांगितलं. कापड, कच्चा सांधा, ताई दुकानात आली तो शनिवार, बटणावरचा माझा हात. सांगताना त्यांच्याकडे पाहू शकलो नाही, पायांतल्या चपलेकडे पाहत होतो.

भाऊजींनी खाटेची सुटलेली दोरी बोटानं आत सारली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "कोणता सांधा?"

"पहिल्या वॉल्व्हजवळचा. कपॅसिटरचा."

"तापला का सुटे?"

"हो."

"म्हंजे मी बरोबर आयकत होतो?"

"हो भाऊजी. तुमीच बरोबर आयकत होते."

त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. शिवी देतील, रडतील, नाहीतर म्हणतील जाऊ दे, झालं गेलं; मी तिन्हींची तयारी करून आलो होतो. ते म्हणाले, "तवा तू सगळ्याइच्या समोर बोलला होता."

मला कळलं.

"बलाव त्याइले," ते म्हणाले. "अन् मोठ्यानं सांग. सवय हाये त्याइले मोठ्यानं आयकाची."

सून आली, दोन्ही नातू आले, शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. ताई कणकेच्या हातांनी दारात आली. मी सत्तरीला टेकलेला माणूस अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि सांगितलं. भाऊजींचे कान कधीच गेले नव्हते. मशीन बिघडली होती, माझ्या हातानं बिघडली होती. मला कळलं होतं आणि मी लपवलं. ताईला दुकानात मी खोटं बोललो. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं, शेवटपर्यंत सांगितलं. नातवांना फारसं काही समजलं नाही. गिटार? आजोबा गिटार वाजवायचे? असं धाकटा थोरल्याला विचारत होता.

ताई माझ्याकडे आली नाही. माझ्याशी बोललीही नाही, आणि अजून बोललेली नाही. ती खाटेपाशी गेली, कणकेचे हात तसेच अधांतरी धरून भाऊजींच्या शेजारी बसली, आणि हळूच काहीतरी म्हणाली. मी चार हातांवर उभा होतो, मला एक शब्द ऐकू आला नाही. भाऊजींनी मान हलवली, आणि तेवढ्याच हळू आवाजात तिला उत्तर दिलं.